रोमचे मूळ रहिवासी कोण?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

इसवी सन ४८. रोमच्या सिनेटमध्ये वाद पेटला होता. प्रश्न असा होता की गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, बड्या लोकांना सिनेटमध्ये घ्यायचं की नाही? हे लोक रोमन नागरिक झालेले होते. आता त्यांना सत्तेच्या पदांवरही हक्क हवा होता.

जुने सिनेटर भडकले. त्यांचे आक्षेप टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवून ठेवलेत. इटलीत काय माणसं संपली का? यांच्याच पूर्वजांनी आपल्या सैन्याला वेढा घातला होता, त्याच्याही आधी रोम लुटलं होतं. हे श्रीमंत लोक आत आले की जुन्या घराण्यांच्या आणि आपल्याच मुलखातल्या गरीब सिनेटरच्या वाट्याला काय उरणार?

ओळखीचं वाटतंय ना? दोन हजार वर्षं जुनं आहे.

गंमत म्हणजे या वादाला उत्तर दिलं ते खुद्द सम्राटाने. क्लॉडियस त्याचं नाव. हा माणूस जन्मला गॉलमध्येच, ल्युग्दुनम म्हणजे आजच्या लिऑनमध्ये. लहानपणापासून आजारी आणि अडखळत बोलणारा, त्यामुळे घरच्यांनी त्याला बाजूलाच ठेवलेलं. मग त्याने इतिहासाचा अभ्यास केला. थोर इतिहासकार लिव्हीनेच त्याला लिहायला प्रोत्साहन दिलं होतं. इटलीतल्या एट्रस्कन लोकांचा इतिहास त्याने ग्रीक भाषेत वीस खंडांत लिहिला होता. तो आज उरलेला नाही. पण सिनेटमधलं त्याचं भाषण उरलं. लिऑनच्या लोकांनी ते काशाच्या पत्र्यावर कोरून ठेवलं होतं, आणि तो पत्रा १५२८ साली तिथेच सापडला. वरचा भाग तुटलाय, बाकीचं आजही वाचता येतं.

क्लॉडियसचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तुम्ही ज्याला 'आपलं रोम' म्हणताय ते पहिल्यापासून बाहेरच्यांनीच बनलेलं आहे.

राजा म्हणतो म्हणून खरं मानायचं कारण नाही. आपण तपासून बघू. सुरुवात नकाशापासून करू.

इटलीचा नकाशा समोर ठेवा. वर आल्प्स. खाली बुटाच्या आकाराचं द्वीपकल्प. त्याच्या मधून अॅपेनाइन्स पर्वताची रांग सुमारे १२०० किलोमीटर गेलेली. ही रांग बरीचशी पूर्व किनाऱ्याला खेटून आहे. त्यामुळे पूर्वेला सपाट जमीन कमी, आणि मोठी मैदानं, मोठ्या नद्या पश्चिमेला. पश्चिमेच्या या पट्ट्यात उत्तरेला एट्रुरिया, दक्षिणेला कँपानिया आणि दोघांच्या मध्ये लॅटियम. लॅटिन भाषा याच छोट्या मुलखाची.

एट्रुरियात एट्रस्कन लोकांची शहरं होती, आणि तिथे लोखंड आणि तांब्याच्या खाणी होत्या. त्यांची भाषा लॅटिनच्या कुळातलीही नव्हती. कँपानियाच्या किनाऱ्यावर इ.स.पू. आठव्या शतकापासून ग्रीक लोक वसाहती करून राहत होते. डोंगरात सॅबाइन आणि इतर मेंढपाळ जमाती. लॅटियमकडे यातलं काय होतं? विझलेल्या ज्वालामुखींची बऱ्यापैकी सुपीक माती होती. बाकी फारसं काही नाही.

एक मात्र होतं. टायबर नदी समुद्राला मिळते त्याच्या साधारण २५ किलोमीटर आधी पात्रात एक बेट आहे, आणि तिथे नदीला उतार मिळत असे. एट्रुरियातून कँपानियाकडे जायचं तर नदी ओलांडायची सोयीची जागा हीच. पुढे इथेच लाकडी पूल झाला. नदीच्या मुखाशी मिठागरं होती. मीठ डोंगरात न्यायचा रस्ता इथूनच जाई. त्या रस्त्याचं नावच 'व्हिया सालारिया', म्हणजे मिठाचा रस्ता. आणि उताराच्या काठावर बैलबाजार भरायचा. पुढे हजार वर्षं त्या जागेला 'फोरम बोआरियम', म्हणजे बैलबाजारच म्हणत.

आपल्या भाषेत सांगायचं तर रोम हे नाक्यावरचं गाव. उत्तर-दक्षिण रस्ता आणि मिठाचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथलं. नाक्यावरच्या गावात कोण राहतं? सगळ्या दिशांनी आलेले लोक राहतात.

जागा काही फार छान होती असं नाही. शाळेत आपण 'सात टेकड्यांचं शहर' वाचतो आणि डोळ्यांसमोर मोठे गड येतात. प्रत्यक्षात या टेकड्या जेमतेम पन्नासेक मीटर उंचीच्या. मधल्या सखल भागात दलदल. टायबरला पूर यायचा. हिवताप होता. तटबंदीसाठी जागा निवडायची तर शेजारचं व्हेई हे एट्रस्कन शहर कितीतरी सरस होतं, चहूबाजूंनी तुटलेल्या कड्यांच्या पठारावर वसलेलं.

पॅलेटाइन टेकडीवर उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकातल्या झोपड्यांचे खांब रोवायचे खड्डे सापडले आहेत. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. खालच्या दलदलीच्या कडेला लोक मेलेल्यांना पुरत, काहींच्या अस्थी झोपडीच्या आकाराच्या कलशात ठेवत. जगावर राज्य करणाऱ्या शहराची सुरुवात ही अशी.

आणि बैलबाजाराजवळच्या खोदकामात याच काळातले ग्रीक मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे गाव झोपड्यांचं होतं तेव्हाही तिथे दूरचा माल आणि दूरची माणसं पोचत होती. आज आपण ज्याला रोमन लिपी म्हणतो तीसुद्धा ग्रीकांकडून एट्रस्कनांकडे आणि तिथून लॅटिन बोलणाऱ्यांकडे आली.

मग इ.स.पू. सातव्या शतकात एक मोठं काम झालं. टेकड्यांच्या मधल्या दलदलीत मातीची भर घालून जमीन उंच केली गेली. पाणी टायबरकडे काढून देणारा मोठा नाला खणला गेला. परंपरा हे काम टार्क्विन घराण्याच्या राजांच्या नावावर घालते. जिथे वेगवेगळ्या टेकड्यांवरचे लोक मुडदे पुरत होते तिथे आता सगळ्यांचं एक मैदान झालं. हेच ते प्रसिद्ध फोरम. बाजार, सभा, न्यायनिवाडा, सगळं इथे. माझ्या मते रोम शहर जन्मलं ते या दिवसांत, सांडपाण्याच्या नाल्याबरोबर.

आता दंतकथेकडे येऊ. रोम्युलस आणि रीमस हे जुळे भाऊ, लांडगीचं दूध, इ.स.पू. ७५३ सालची २१ एप्रिल ही तारीख, हे सगळ्यांना माहीत असतं. ही तारीख कित्येक शतकांनी हिशेब करून ठरवलेली आहे. रोमचा इतिहास लिहिणारा पहिला रोमन माणूस या घटनेनंतर पाचशेहून जास्त वर्षांनी झाला. लिव्हीनेही स्पष्ट म्हटलंय की या गोष्टी इतिहासापेक्षा काव्याला जास्त शोभतात.

पण दंतकथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. रोम्युलसने शहर वसवलं, पण राहायला माणसं कुठे होती? मग त्याने कॅपिटोलाइन टेकडीच्या दोन शिखरांमधल्या खोलगट जागेत आश्रयस्थान उघडलं. कोणीही यावं. पळालेले गुलाम, कर्जबुडवे, गुन्हेगार, भटके, कुठून आलात हे विचारणार नाही. त्यांना बायका मिळेनात म्हणून सॅबाइन लोकांच्या मुली पळवल्या. त्यावरून युद्ध झालं आणि शेवटी सॅबाइन आणि रोमन एकत्र नांदायला लागले. मुली पळवण्यात काही गौरवाचं नाही, तो बलात्काराचाच इतिहास आहे. मुद्दा वेगळा आहे. जगज्जेते झाल्यावरसुद्धा रोमन लोक स्वतःबद्दल ही कथा सांगत राहिले. आमचे पूर्वज पळपुटे आणि परागंदा होते, आणि त्याच्याही मागे जायचं तर ट्रॉयमधून जीव वाचवून आलेला एनियस, म्हणजे निर्वासितच.

याच्या उलट अथेन्स बघा. अथेन्सचे लोक अभिमानाने सांगत की आम्ही याच मातीतून उगवलो, कुठूनही आलेलो नाही. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसने कायदा केला: आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व. स्पार्टाचं दार याहून घट्ट बंद होतं. तिथल्या पूर्ण नागरिकांची संख्या घटत घटत अॅरिस्टॉटलच्या काळापर्यंत हजारावरही राहिली नव्हती. कोणत्याही समाजाची मूळकथा खरी असो वा खोटी, तो कोणती कथा निवडतो यावरून त्याच्या दारांचा अंदाज येतो.

परंपरेने सांगितलेल्या सात राजांची यादीही अशीच. दुसरा राजा न्यूमा सॅबाइन. पाचवा टार्क्विन एट्रुरियातून आलेला, आणि त्याचा बाप ग्रीसमधल्या कॉरिंथचा. सहावा सर्व्हियस तुलियस एका कथेनुसार गुलाम बाईचा मुलगा. क्लॉडियसने एट्रस्कन साधनं वाचली होती. तो म्हणाला, एट्रस्कन लोक याच सर्व्हियसला मास्तार्ना नावाचा आपला माणूस मानतात. राजाची खास खुर्ची, काठ्यांची मोळी आणि त्यात खोचलेली कुऱ्हाड हे राजचिन्ह, हेही एट्रस्कनांकडून घेतलेलं, असं रोमनच सांगत. खुद्द क्लॉडियसचं घराणं सॅबाइन मुलखातून आलेलं. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०४ मध्ये अॅटस क्लॉसस नावाचा सरदार आपली सगळी माणसं घेऊन रोमला आला. त्याला जमीन, नागरिकत्व आणि सिनेटमध्ये जागा मिळाली.

राजे गेले, परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये प्रजासत्ताक आलं. म्हणजे सगळे समान झाले का? अजिबात नाही. सत्ता मोजक्या पॅट्रिशियन घराण्यांच्या हातात. बाकीचे प्लेबियन. कर्ज फिटलं नाही तर देह गहाण. मग इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियन लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. लढायला आम्ही, सत्तेत तुम्ही, मग तुमचं शहर तुम्हीच सांभाळा. त्यातून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी, ट्रिब्यून, मिळाले. ४५१-४५० मध्ये कायदे बारा पाट्यांवर लिहून जाहीर झाले. त्याआधी कायदा म्हणजे वरच्यांच्या डोक्यात काय असेल ते.

पण त्या बारा पाट्यांत एक कलम असं होतं की पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात लग्न होणार नाही. कारण काय दिलं जात होतं? रक्त भेसळ होईल, धर्मकृत्यं बाटतील. ४४५ मध्ये कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने हे कलम उडवलं. लिव्हीने त्याच्या तोंडी जे भाषण घातलंय त्यातला युक्तिवाद तोच: न्यूमा कुठला होता? टार्क्विन कुठला होता? सर्व्हियसचा बाप कोण? बाहेरच्यांना राजा केलंत तेव्हा शहर बुडालं नाही, मग आपल्याच शेजाऱ्याशी लग्न केल्याने कसं बुडेल?

म्हणजे 'बाहेरचा' या शब्दाची हद्द सतत सरकत असते. आधी तो परगावचा असतो, मग खालच्या घराण्यातला होतो.

आता खरी कसोटी, जिंकलेल्या लोकांची. इथे रोमला देव्हाऱ्यात बसवू नका. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई पडलं तेव्हा उरलेले लोक गुलाम म्हणून विकले गेले आणि त्यांची जमीन रोमनांनी वाटून घेतली. काही वर्षांनी, जे व्हेईकर रोमच्या बाजूला आले होते त्यांना नागरिकत्व मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच शहराने केल्या.

मोठा टप्पा आला इ.स.पू. ३३८ मध्ये. शेजारच्या लॅटिन शहरांनी बंड केलं होतं, रोमने ते मोडलं. त्या काळच्या रीतीने शहरं बेचिराख करून मोकळं होता आलं असतं. काहींना जबर शिक्षाही झाली. पण कित्येक लॅटिन शहरांना रोमने पूर्ण नागरिकत्व देऊन टाकलं. दक्षिणेच्या कापुआसारख्या शहरांना मताविना नागरिकत्व, म्हणजे सैन्यात या, पण मत नाही. बाकीच्यांशी करार. खंडणी मागितली नाही, मागितले सैनिक.

हे मोठ्या मनाने केलं असं मला म्हणायचं नाही. त्यांना फौज हवी होती. पण परिणाम बघा. पॉलिबियसने दिलेल्या आकड्यांप्रमाणे इ.स.पू. २२५ मध्ये रोम आणि मित्र शहरं मिळून ७ लाखांवर पायदळ आणि ७० हजार घोडदळ उभं करू शकत होती. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानात हॅनिबलने एका दिवसात त्यातले पन्नासेक हजार कापले. कुठलंही ग्रीक शहर तिथेच संपलं असतं. हॅनिबलला वाटलं, आता रोमचे अंकित फुटतील. कापुआ फुटलं, ज्याला अर्धंच नागरिकत्व मिळालं होतं. पूर्ण नागरिक झालेला लॅटियम फुटला नाही.

याच सुमारास मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप, रोमचा शत्रू, थेसलीतल्या लारिसा शहराला पत्र पाठवत होता. ते दगडावर कोरलेलं सापडलंय. युद्धांनी तुमचं शहर रिकामं झालंय, जमिनी पडीक आहेत, परक्यांना नागरिक करून घ्या. रोमन बघा, ते तर गुलामाला मुक्त केलं की त्याला नागरिक करतात, म्हणून त्यांची भूमी वाढली. शत्रूने दिलेलं हे प्रमाणपत्र आहे.

पुढे रोम स्वतःच हे विसरलं. इटलीतले मित्र लढत राहिले, मरत राहिले, आणि नागरिकत्व मागितलं की नकार. इ.स.पू. ९१ मध्ये त्यांनी बंड केलं. स्वतःची राजधानी केली, स्वतःची नाणी पाडली. एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांवर घेतोय. प्रचंड रक्तपात झाला, आणि शेवटी रोमने दिलं काय? नागरिकत्वच. जे आधी मागून मिळत नव्हतं, ते इतकी माणसं मेल्यावर मिळालं. युद्धाआधी शिरगणतीत ४ लाखांच्या आत असलेले नागरिक इ.स.पू. ७० च्या शिरगणतीत सुमारे ९ लाख झाले.

हे सगळं आज का उकरायचं? कारण रोमच्या नावाने याच्या नेमकं उलट काम झालेलं आहे, आणि तेही रोममध्येच. मुसोलिनीने लांडगी उचलली, काठ्यांची मोळी उचलली, २१ एप्रिलला सुट्टी देऊन १ मेची कामगारांची सुट्टी काढून घेतली. १९३८ मध्ये त्याच्या राजवटीत जाहीरनामा निघाला की शुद्ध इटालियन वंश अस्तित्वात आहे आणि ज्यू त्या वंशाचे नाहीत. मग कायदे आले, ज्यू मुलांना शाळेतून काढलं, शिक्षकांना नोकरीवरून.

रोमचे ज्यू तिथे कधीपासून होते? इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून. ज्युलियस सीझरच्या चितेपाशी कित्येक रात्री शोक करायला येणाऱ्यांत ते होते. आणि ते राहत कुठे होते? टायबरच्या बेटासमोर, काठावर. तोच उतार, तोच बैलबाजाराचा परिसर, जिथून हे शहर सुरू झालं. १६ ऑक्टोबर १९४३ ला पहाटे जर्मनांनी तो मोहल्ला घेरला. हजाराहून जास्त माणसं ऑशवित्झला पाठवली. परत आली सोळा.

त्या मोहल्ल्यातली घराणी मुसोलिनीच्या 'शुद्ध वंशा'च्या कल्पनेपेक्षा दोन हजार वर्षांनी जुनी होती. तरी ती 'बाहेरची' ठरली. कारण मूळचं कोण हा प्रश्न इतिहासाला विचारलेला नसतोच. ज्याच्या हातात दार आहे तो ते ठरवतो.

सन ४८ च्या वादाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सिनेटने ठराव केला, आणि गॉलमधल्या एदुई जमातीच्या लोकांना आधी प्रवेश मिळाला. आकाश कोसळलं नाही. क्लॉडियस म्हणाला होता, आज तुम्ही जिला जुनी परंपरा म्हणताय ती एकेकाळी नवीच होती, आणि आज करताय तेही उद्या परंपरा होईल.

कॅपिटोलाइनच्या दोन शिखरांमधल्या ज्या जागेत रोम्युलसने आश्रयस्थान उघडल्याची कथा आहे, तिथे आज रोमच्या महापौरांचं कार्यालय आहे. पुढच्या वेळी कोणी शुद्ध रक्ताच्या अभिमानासाठी रोमचं उदाहरण दिलं तर त्याला एवढंच विचारा: त्या टेकडीवर पहिल्यांदा कोण राहायला आलं होतं?